सामायिक चॅनलवरचा दादा

दादा,

धक्क्यावर मला अजून कोणी सुमन म्हणत नाही. ‘उख्त मोहन’ म्हणतात, म्हणजे मोहनची बहीण. तू होतास तेव्हा मला त्याचा राग यायचा. अठरा वर्षं या आखाती देशात नोकरी केली, लॅबमध्ये आपल्या अर्ध्या उम्म अल हस्सम वस्तीचं रक्त तपासलं, तरी पाण्याच्या काठावर आलं की माझी ओळख एवढीच. तुला सांगितलं तर तू हसून म्हणालास, “बरंच आहे की गो. मोहनची बहीण म्हटल्यावर मासळी तरी ताजी देतील.” तू जाऊन आता महिना होत आला. परवा मासळीवाल्याने त्याच नावाने हाक मारली आणि मी पटकन ‘ओ’ दिली. तो थोडा ओशाळला. मी म्हटलं, चालेल, तेच म्हणा.

तुझ्याविषयी चार शब्द लिहून द्या म्हणून इथल्या मराठी मंडळातल्यांनी सांगितलं होतं. मी लिहायला घेतलं आणि दोन ओळींतच अडकले. जन्म रत्नागिरीचा, शिक्षण अमुक, मीना सलमान बंदरातल्या वर्कशॉपमध्ये जहाजांचे रेडिओ दुरुस्त करण्यात सव्वीस वर्षं. हे सगळं खरं आहे, पण तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. जे आपल्या दोघांत राहिलं ते त्या कागदावर मावत नव्हतं. तो कागद तुझ्या मेहुण्याने, सतीशने पुरा केला आणि देऊन टाकला. हे मी वेगळं लिहितेय, तुलाच.

पहिल्यापासून सांगते, कारण तू आपली भांडणं नेहमी मधूनच सुरू करायचास.

धक्क्यावरच्या बोटवाल्यांच्या संघटनेचा तो रिपीटर तू सांभाळायला घेतलास तेव्हा माझी मीरा सहा वर्षांची होती. बर्फाच्या कारखान्याच्या गच्चीवर एक पत्र्याचं कपाट, त्यातून वर गेलेली उंच काठी. तू आम्हाला तिथे नेऊन मोठ्या अभिमानाने ते कपाट उघडून दाखवलंस. मला तो जुना फ्रीज वाटला. मीराने विचारलं, “व्हॉट डझ इट डू, मामा?” आणि तू उकिडवा बसून तिला समजावलंस. “समज, भिंतीच्या अलीकडे तू आहेस आणि पलीकडे मामी. तुझा आवाज तिला पोचत नाही. मग भिंतीवर एक माणूस बसवायचा. तू जे बोलशील ते तो ऐकणार आणि तेच मोठ्याने पलीकडे सांगणार. स्वतःचं काहीच बोलणार नाही.”

“इज ही नॉट बोअर्ड?” मीरा म्हणाली.

“होत असेल,” तू म्हणालास. “पण त्याचं काम तेच.”

तुझी स्वतःची बोट नव्हती, साधी होडीसुद्धा नाही. पण रिपीटर तू फुकट सांभाळायचास म्हणून संघटनेने तुला सभासद करून घेतलं. त्यांच्या रेडिओच्या परवान्यात बोटवाल्यांच्या घरच्यांसाठी एक चॅनल होता. पाण्यावर गेलेल्या माणसाने किनाऱ्यावरच्या घराशी बोलावं, एवढ्यासाठी. ‘घरचे’ या शब्दात तू वहिनीला बसवलंस, मग मला, मग सतीशला, मग मीरालाही. हातात धरायचे, वॉकीटॉकीसारखे चार सेट आणून माझ्या जेवणाच्या टेबलावर मांडलेस. मी म्हटलं, “दादा, तुझं घर माझ्या घरापासून तीन इमारती सोडून आहे. आणि फोन आहे ना आपल्याकडे.”

“फोनवर एकालाच ऐकू जातं.”

“मग? मला तुझ्याशीच बोलायचं असतं. सगळ्या बंदराशी नाही.”

“बंदरानेही ऐकलं तर काय बिघडलं? आपण काय चोरीचं बोलणार आहोत?”

हे आपलं पहिलं भांडण. आठ वर्षं चाललं. शेवटपर्यंत कोणी हरलं नाही.

आणि तू नियम घालून दिलेस. आधी ऐक. चॅनल मोकळा आहे असं वाटलं की बटण दाब. एक सेकंद थांब, मग बोल. थोडक्यात बोल. बोलून झालं की बटण सोड आणि पुन्हा थांब, मध्ये कोणाला काही तातडीचं सांगायचं असेल तर त्याला जागा दे. मला वैताग यायचा. तू म्हणायचास, “आपली सामायिक विहीर आठव. एकानेच रहाट धरून ठेवला तर बाकीच्यांनी पाणी कधी काढायचं?” मी म्हणायचे की त्या विहिरीवर आई तासन्तास गप्पा मारायची. तू म्हणायचास, रहाट सोडून मारायची.

मी नियम पाळले, पण माझ्या पद्धतीने. एका संध्याकाळी तू वर्कशॉपमधून निघालास म्हणून कळलं आणि मी सेटवर म्हटलं, “दादा, येताना कोथिंबीर आण.” तू विसरलास. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराची बेल वाजली. दारात अबू खालिद उभा, तुझ्याबरोबर रोज चहा पिणारा तो म्हातारा कोळी. हातात कोथिंबिरीच्या दोन जुड्या. आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, “कल मोहन भाई भूल गया. उख्त मोहन, ये कोथिंबीर.” त्याला मराठीतला तो एकच शब्द येत होता आणि तो त्याने माझ्याकडून हवेतून उचलला होता. मी शरमेने अर्धी झाले. तू मात्र आठवडाभर खूष. “बघ,” म्हणालास, “फोनवर मागितली असतीस तर मिळाली असती का?”

खरं सांगू? मला त्या सेटवरचा तू आवडायचास. फोनवर तुला बोलताच यायचं नाही. “काय गो, बरी आहेस ना, ठेवतो,” संपलं. समोरासमोर बसलास तर तू सतीशशी क्रिकेट बोलायचास आणि माझ्याशी काहीच नाही. पण संध्याकाळी मगरीबची, म्हणजे सूर्यास्ताची, नमाज झाली की तू धक्क्यावरून चॅनलवर यायचास आणि हजेरी घ्यायचास. एकेका बोटीचं, एकेका घराचं नाव घेऊन विचारायचास. सगळे परतले का, कोण अजून पाण्यावर आहे, कोणाकडे काय विशेष. अरबी, हिंदी, इंग्रजी, आणि माझं नाव आलं की मराठी. “सुमन, काय म्हणतेस? मीराची परीक्षा कशी झाली?” चाळीसेक माणसं ऐकत असताना तू मला जे विचारायचास ते एकटी असताना कधी विचारलं नाहीस. मला वाटतं, माणसांच्या गराड्यात तुला धीर यायचा.

आता त्या शुक्रवारबद्दल.

जानेवारीतली सकाळ होती. मीरा आणि तिची मैत्रीण दोन जणींच्या कयाकमधून, त्या चिंचोळ्या वल्ह्याच्या होडीतून, धक्क्यापासून निघाल्या. मीरा चौदा पूर्ण. हद्द दाखवणाऱ्या तरंगत्या बुयांच्या आतच राहायचं असं कबूल केलेलं. अंगात लाइफ जॅकेट, त्याला अडकवलेला सेट. मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. समोरचा पूल दिसत होता, आणि मग दिसेनासा झाला. इथलं धुकं पाण्यावरून चालत येतं. दहा मिनिटांत मला खालचा रस्ताही दिसेना.

मी सेट उचलला. “मीरा, परत या.” उत्तर नाही. “मीरा, ऐकतेस का?” नाही. ओहोटी चालू होती, हे मला माहीत होतं. ओहोटीचं पाणी कुठे ओढतं तेही माहीत होतं. मग मी काय केलं ते मला अर्धवटच आठवतं. मी बटण दाबत होते आणि तिचं नाव घेत होते. बटण सुटायचं ते पुन्हा दाबण्यापुरतं. तू शिकवलेला एकही नियम माझ्यात उरला नव्हता. किती वेळ? मला एक मिनिट वाटलं. नंतर कोणीतरी म्हणालं, सात-आठ मिनिटं.

आणि अशाच एका मधल्या क्षणात तुझा आवाज आला.

“सुमे, बटण सोड. तोंड बंद ठेव. एक शब्द बोलू नकोस.”

दादा, तो आवाज मी ओळखला. तो मी एकदाच आधी ऐकला होता. बाबांच्या वेळी. रत्नागिरीच्या त्या दवाखान्यात डॉक्टर सांगत होते आणि मी विचारायला तोंड उघडलं की बाबांना मुंबईला नेलं तर. तू माझ्याकडे न बघता म्हणालास, “सुमे, तू गप्प रहा.” मी चोवीस वर्षांची होते. मी गप्प राहिले. बाबांना मुंबईला नेलं नाही. नऊ दिवसांनी ते गेले. नेलं असतं तर काय झालं असतं हे मी तुला कधी विचारलं नाही, आणि तू कधी सांगितलं नाहीस. तो प्रश्न अजून माझ्याकडेच आहे. आता तो तिथेच राहील.

तर त्या शुक्रवारी मी बटण सोडलं. माझ्या हाताने सोडलं, मी नाही. चॅनल शांत झाला. मी सेट कानाला लावून बाल्कनीतल्या ओल्या चादरीला धरून उभी होते. मग एक खरखर आली, तिच्यात तुटका, लांबून आलेला आवाज. “मामा? वी आर ओके.”

ती आधीपासूनच बोलत होती. माझा सेट चौथ्या मजल्यावर, रिपीटरच्या गच्चीपासून हाकेच्या अंतरावर. तिचा सेट लांब, पाण्यालगत, भिजलेला. आम्ही मायलेकी एकदम बोललो की त्या कपाटाला जवळचा, मोठा आवाजच ऐकू यायचा. मी माझ्याच मुलीचा आवाज झाकत होते.

तुझा सूर बदलला होता. इतका शांत, जणू गृहपाठ विचारतोयस. “मीरा, पायाखाली काय आहे?”

“मड. वॉटर इज टिल माय नीज.”

“छान. दोघी खाली उतरून उभ्या राहा. कयाक धरून ठेवा. चालायचं नाही. आता कान देऊन ऐक. कसला आवाज येतो?”

मग ती म्हणाली की घरघर येतेय, मोठ्या मशीनची, डाव्या हाताला. तेवढ्यात अबू खालिदचा आवाज आला, अरबीत दोन वाक्यं. त्याने जागा ओळखली होती. ओहोटीला उघडा पडणारा उथळ पट्टा, जिथून वीजकेंद्राची घरघर डावीकडून ऐकू येते असा एकच. “यल्ला,” तू म्हणालास, म्हणजे निघ. तो सपाट बुडाची होडी घेऊन निघाला. भरती सुरू व्हायला तासभर होता. त्या तासात तू मीराशी बोलत राहिलास, पाच-पाच मिनिटांनी, थोडंसंच. बॅटरी वाचावी म्हणून. “आहेस ना?” “आहे, मामा.” हे ‘आहे’ ती मराठीतच म्हणत होती. बाकी कोणीही बटण दाबलं नाही. मीही नाही.

मी धक्क्यावर पोचले तेव्हा त्या दोघी परत आल्या होत्या. मीराला मी किती वेळ धरून ठेवलं आठवत नाही. तू बाजूला उभा राहून एक दोरखंड गुंडाळत होतास. तो गुंडाळलेलाच होता. तू म्हणालास, “घरी ने तिला. काहीतरी गरम दे.” मी माझा सेट खिशातून काढला, तुझ्या समोरच्या पिंपावर ठेवला आणि म्हटलं, “हा तुझ्याकडेच राहू दे.” तू सेट उचलला नाहीस. मी निघून आले.

मुलगी सुखरूप परत आली होती आणि मी चिडले होते. ते का, याचा मला स्वतःलाच पत्ता लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी, दुकानात सेट चालू ठेवणारा खालचा मल्याळी दुकानदार म्हणाला, “मॅडम, कल भाईसाब बहुत गुस्सा था ना.” त्याला मराठी येत नाही, पण सूर कळला होता. म्हणजे सगळ्यांनाच कळला होता. मी सतीशला म्हटलं, दादाने मला सगळ्या बंदरासमोर गप्प केलं. सतीश म्हणाला, “मग काय करायला हवं होतं त्यांनी?” त्या प्रश्नाने माझा राग आणखी वाढला.

आठ महिने. बोलणं बंद नव्हतं आपलं. तू यायचास, जेवायचास, मीराला गणित शिकवायचास. पण मी पुन्हा सेट घेतला नाही, संध्याकाळची हजेरी ऐकली नाही, आणि त्या शुक्रवारबद्दल आपण दोघंही बोललो नाही.

एकदा सोडून. तू जायच्या बारा दिवस आधी. चनादचा मोठा तुकडा घेऊन आलास, इथे ज्याला चनाद म्हणतात ती आपली सुरमई. मी चहा टाकला. तू स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिलास, आत आला नाहीस. म्हणालास, “सुमे, त्या दिवशीचं…”

मी वळलेसुद्धा नाही. म्हटलं, “जाऊ दे रे दादा. आता काय त्याचं.”

“बरं,” तू म्हणालास.

हे मला पुन्हा पुन्हा ऐकू येतं. तू मला दोनदा गप्प केलंस, आणि मी ते तीस वर्षं धरून ठेवलं. मी तुला एकदाच गप्प केलं, तेही किती गोड शब्दांत.

तू गेल्यावर माणसं येत होती. तिसऱ्या दिवशी अबू खालिद आला, त्याच्या बायकोने दिलेला भाताचा भलामोठा टोप घेऊन. वहिनीसमोर तो मान खाली घालून बसला. निघताना दारात मला म्हणाला, “उख्त मोहन, तुम सुनता नहीं था, मालूम है. लेकिन वो तुम्हारा नाम रोज बोलता था.”

मला कळलं नाही. मग त्याने सांगितलं. आठ महिने, रोज संध्याकाळी, हजेरीत माझं नाव यायचं. माझ्या जागी, मासळीवाल्यानंतर आणि त्या फिलिपिनो कप्तानाच्या आधी. तू ‘सुमन’ म्हणायचास, थांबायचास, पुढचं नाव घ्यायचास. सुरुवातीला कोणीतरी म्हणालं की तिचा सेट बंद असतो, नाव काढून टाक. तू म्हणालास, राहू दे.

“कितना रुकता था?” मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

त्याने जरा विचार केला. “बाकी लोग के लिए जितना, उतना ही,” म्हणाला. “ज्यादा नहीं.”

त्या उत्तराने मला बरं वाटलं, दादा. जास्त थांबला असतास तर ते मला सहन झालं नसतं.

त्या रविवारी, इथल्या शाळांचा आठवडा सुरू होतो त्या दिवशी, मीरा शाळेतून आली आणि माझ्या शेजारी बसली. ती फार रडली नव्हती तोवर. म्हणाली, “ममा, आय प्रॉमिस्ड मामा. बट नाऊ आय कॅन टेल यू, राइट?” मग तिने सांगितलं. त्या शुक्रवारी होडी धक्क्याला लागली तेव्हा मी अजून रस्त्यात होते. तू तिला हात देऊन वर घेतलंस आणि किती तरी वेळ तिचा हात सोडलाच नाहीस. मग तू कारखान्याच्या भिंतीमागे गेलास आणि तिथे तुला ओकारी झाली. परत येऊन तोंड धुतलंस. तिला म्हणालास, आईला सांगू नकोस, ती आधीच घाबरली आहे. आणि दोरखंड हातात घेतलास.

मीरा म्हणाली, “ही वॉज मोअर स्केअर्ड दॅन यू, ममा.”

दादा, मी तो दोरखंड पाहिला होता. गुंडाळलेला दोरखंड तू पुन्हा गुंडाळत होतास हेही पाहिलं होतं. मला वाटलं, तुला काही वाटतच नाही.

तेव्हा जे म्हणायचं होतं ते आता म्हणते. बटण सोडायला लावलंस ते बरं केलंस. वाईट तऱ्हेने सांगितलंस, पण दुसरी तऱ्हा शोधायला वेळ नव्हता, आणि मी गोड शब्द ऐकण्याच्या अवस्थेत नव्हते. माझी मुलगी आज आतल्या खोलीत अभ्यासाच्या नावाखाली फोनवर बोलते आहे. तू तिला ऐकू दिलंस. एवढं म्हणायला मला आठ महिने आणि तुझं जाणं लागलं. आणि बाबांबद्दलचा राग तसाच आहे, तो मी सोडलेला नाही. दोन्ही खरं आहे. तुला चालेल, तू असाच होतास.

आता वहिनीचं.

वहिनीचा व्हिसा तुझ्या व्हिसावर होता, त्यामुळे तिला जावंच लागणार होतं. मी म्हटलं, थांब, काहीतरी करू. ती म्हणाली, “काय करणार गो? आणि कशासाठी?” पुण्यात तुमचा मुलगा नितीन आहे, सून आहे. तू वर्षानुवर्षं जपलेल्या वस्तू तिने दोन दिवसांत आवरल्या. तिची भांडीसुद्धा देऊन टाकली, फक्त कुकर ठेवला. मंगळवारी सकाळचं विमान होतं. सोमवारी संध्याकाळी ती, मीरा आणि मी तुमच्या रिकाम्या घरात बसलो होतो. सतीश शिफ्टवर होता. गाद्या गुंडाळलेल्या, भिंतीवर घड्याळ तेवढं. तुमच्या घरचा सेट ओट्यावर चार्जरमध्ये उभा होता. तो दुसऱ्या दिवशी संघटनेला परत द्यायचा होता.

हजेरी आता अबू खालिद घेतो. त्याच्या पद्धतीने, म्हणजे अर्धा वेळ हवामान आणि अर्धा वेळ खोकला. नावं संपत आली तेव्हा वहिनी उठली आणि सेट हातात घेतला.

तुला आठवतं ना, तिने कधीच बटण दाबलं नाही. इतकी वर्षं तो सेट तिच्या ओट्यावर बोलत राहिला आणि ती ऐकत राहिली. तू चिडवायचास, मीरा शिकवायची. ती म्हणायची, “मला काय बोलायचंय लोकांसमोर?” त्या संध्याकाळी तिने मीराला विचारलं, “कुठलं गो बटण?” मीराने दाखवलं. तिने दाबलं, आणि एक सेकंद थांबली. बरोब्बर एक सेकंद. इतकी वर्षं ऐकत होती ती.

“मी शुभा,” ती म्हणाली. “मोहनची बायको. उद्या जाते. म्हटलं सगळ्यांना सांगावं.”

मराठीत. मला वाटलं संपलं. पण ती बोलत राहिली. म्हणाली, तुम्ही सगळ्यांनी त्यांना सांभाळलंत. अबू खालिद, तुम्ही त्यांना रोज चहा पाजायचात, साखर-वेलची घालून, त्यांना साखर बंद असतानाही, ते मला माहीत होतं, वेलचीच्या वासावरून कळायचं. तुमची सगळ्यांची नावं मला पाठ आहेत. चेहरे माहीत नाहीत, फक्त आवाज. कोणाला सर्दी झालीय ते मला घरात बसून कळायचं. ती सावकाश बोलत होती, ओट्याकडे बघत, जणू भाजी निवडताना बोलतेय. आणि मध्येच सेटमधून एक बारीक आवाज आला. त्या कपाटाला तीन मिनिटांहून लांब बोलणं चालत नाही, ते आपोआप तोडतं. तिला हे ठाऊक नव्हतं. ती बटण दाबून बोलतच होती आणि बाहेर काही जात नव्हतं.

मीराने तिच्या हातावर हात ठेवला. “मामी, सोड. आता परत दाब.”

तिने बटण सोडलं. चेहरा असा झाला जणू काही चुकलं. मी तिला सांगायला गेले की पुरे झालं, सगळ्यांना पोचलं. तेवढ्यात अबू खालिदचा आवाज आला. त्याला मराठीचं अक्षर कळत नाही, दादा. ‘कोथिंबीर’ सोडून.

“भाभी,” तो म्हणाला, “आखिर का आधा कट गया. फिर से बोलो. हम सुनता है.”

वहिनीने पुन्हा बटण दाबलं, पुन्हा एक सेकंद थांबली.

“काही नाही,” ती म्हणाली. “एवढंच म्हणत होते, यांची हजेरी संपली की मी भात लावायची. धक्क्यावरून निघून घरी यायला यांना चौदा मिनिटं लागायची. भात होऊन वाफ जिरायची तेवढ्यात. रोज. घड्याळ बघायला लागायचं नाही. आता महिना झाला, भात कधी लावायचा तेच कळत नाही.” आणि मग, “बाकी सगळं ठीक आहे. येते.”

तिने सेट चार्जरमध्ये ठेवला. अबू खालिद खाकरला आणि अरबीत काहीतरी म्हणाला, तिच्यासाठी, आशीर्वादासारखं. मग त्याने उरलेली दोन नावं घेतली आणि हजेरी संपवली.

वहिनीने पदर खोचला, तांदूळ धुतले, आणि कुकर चढवला. मीराने वर्तमानपत्र अंथरलं. आम्ही तिघी जमिनीवर बसून जेवलो, मेतकूट-भात आणि शेजारच्यांनी दिलेलं लोणचं. भात जरा मऊ झाला होता. तरी सगळ्यांनी दोनदा घेतला.